खानदेशातील उन्हाळा : पारा आणि आर्द्रता

तापीच्या खोऱ्यातील जळगाव व तिची उपनदी पांझरा हिच्या काठचे धुळे येथील उन्हाळ्याचा ताप केवळ पाऱ्याच्या आकड्याने सांगता येत नाही. मानवी त्वचेचे तापमान सुमारे ३५° से. असते. हवा त्याहून तापली की घामाचे बाष्पीभवन हाच शरीर निवविण्याचा मार्ग उरतो. आणि ते हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते.

थॉम यांनी १९५९ साली मांडलेला अस्वस्थता-निर्देशांक या दोहोंचा मेळ घालतो. साधा तापमापक व ओल्या वस्त्राने फुगा वेढलेला तापमापक यांच्या सेल्सिअस अंशांची बेरीज ०.७२ ने गुणून तीत ४०.६ मिळवावयाचे. समजा, मे महिन्यातील दुपारी हवा ४३° व सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. ओला तापमापक सुमारे २५° दर्शवील. निर्देशांक सुमारे ९० येईल. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर हवा ३८° वर उतरली, परंतु आर्द्रता ५० टक्क्यांवर चढली, तर ओला तापमापक सुमारे २९° दर्शवील, निर्देशांक ८९! पारा पाच अंश उतरला, काहिली मात्र तशीच राहिली.

तथापि या दोन स्थिती सारख्या नव्हेत. मेमध्ये घाम दिसण्यापूर्वीच सुकतो; त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार किती घटले हे ध्यानात येत नाही. जूनमध्ये घाम निथळतो, पण निववीत नाही. बाष्पीभवनावर चालणारा कूलरही निष्प्रभ ठरतो. म्हणून केवळ पारा उतरला एवढ्यावरून शेतमजूर व हमाल यांची दुपारची विश्रांती कमी करणे धोक्याचे होय.