पिशवी, वीजबिल आणि बाटली : ग्राहकाविषयीचे काही गैरसमज

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी २३ जून २०१८ पासून अमलात आली. तरीही आज मंडईत कोथिंबिरीच्या जुडीबरोबर पातळ पिशवी सहज हातात पडते, आणि त्यावरची प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘लोकांनाच पडलेली नाही, तिथे सरकार तरी काय करणार?’ मला हे वाक्य फार नुकसान करणारं वाटतं. ग्राहक प्रत्यक्षात कसा वागतो हे तपासण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुकानांमध्ये, घरांमध्ये, वीजबिलांवर प्रयोग केले आहेत. त्यांतून दिसणारं चित्र वेगळं आहे. माणसाला काळजी असते, पण गल्ल्यापुढे उभं असताना निर्णय त्या काळजीवर होत नाही. किंमत कशी मांडली आहे, शेजारी काय करतो आणि काही न बोलता आपल्यापुढे काय येतं, यांवर तो होतो. या तिन्ही गोष्टी बदलता येतात. ‘लोकांनाच पडलेली नाही’ असं म्हटलं की त्या बदलण्याची जबाबदारीच संपते.

‘सवलत दिली की लोक घरून पिशवी आणतील’

ऐकायला पटतं, पण मोजल्यावर टिकत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि त्याच्या लगतच्या भागात अर्थशास्त्रज्ञ तातियाना होमोनॉफ यांनी दोन उपायांची तुलना केली. काही दुकानं घरची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंट सूट देत होती. दुसरीकडे सरकारी नियमामुळे दुकानातली पिशवी घेणाऱ्याला पाच सेंट भरावे लागत होते. रक्कम तीच. सवलतीचा परिणाम जवळपास शून्य निघाला. आकारणीमुळे मात्र दुकानातली पिशवी घेणाऱ्यांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वरून चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं.

यामागचं कारण डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं : मिळालेल्या रुपयाच्या आनंदापेक्षा खिशातून गेलेल्या रुपयाची टोचणी जास्त असते. आयर्लंडने २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट आकारायला सुरुवात केली, तेव्हा माणशी वर्षाला ३२८ वरून वापर २१ पिशव्यांवर आला. काही वर्षांत लोकांना त्या १५ सेंटची सवय झाली, वापर पुन्हा थोडा वाढला आणि २००७ मध्ये आकारणी २२ सेंट करावी लागली. हा तपशील आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. एकदा नियम करून विसरून जाण्याचं हे काम नाही.

आपल्या मंडईत गिऱ्हाइकाला पिशवी ‘फुकट’ मिळते. तिचे पैसे भाजीवाली भरते आणि ते भाजीच्या भावात मुरतात. गिऱ्हाईक वेगळे पैसे मोजत नाही, त्यामुळे त्याला टोचत नाही. आणि एकट्या भाजीवालीने पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्याकडे वळतं. त्या बाईला बेपर्वा ठरवणं अन्यायाचं आहे. सगळ्या गाळ्यांना एकच नियम आणि तो सारखा पाळला जाण्याची खात्री असेल, तरच तिला ‘नाही’ म्हणणं परवडतं. २०१८ नंतर आपल्याकडे ही खात्रीच निर्माण झाली नाही. अधूनमधून छापा पडायचा, दंड व्हायचा, आणि महिनाभराने सगळं मूळ पदावर.

‘कापडी पिशवी म्हणजे पर्यावरणपूरक’

डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला. पाणी, ऊर्जा, रसायनं, वाहतूक सगळं धरून. साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची तर नेहमीच्या सुती पिशवीचा, फक्त हवामानबदलाचा निकष लावला तरी, किमान ५२ वेळा वापर करावा लागतो. सगळे निकष एकत्र लावले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाच्या पिशवीचा आकडा त्याहून मोठा, २०,००० वेळा. सेंद्रिय कापसाचं एकरी उत्पादन कमी धरलं होतं आणि तपासलेली पिशवी आकाराने लहान असल्याने एकीच्या जागी दोन मोजल्या होत्या, म्हणून.

हे आकडे हाती लागल्यावर ‘म्हणजे प्लास्टिकच बरं’ असा निष्कर्ष काढणं हा दुसरा गैरसमज. डेन्मार्कमध्ये घरचा कचरा गोळा होतो आणि जाळून त्यातून ऊर्जा काढली जाते, त्यामुळे उघड्यावर पडलेल्या पिशवीचं नुकसान या हिशेबात धरलेलंच नव्हतं. मुंबईकराला हे पटणार नाही, आणि पटू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतक्या पावसापुढे कोणतीही व्यवस्था कोलमडली असती, पण तुंबलेल्या गटारांमध्ये आणि नाल्यांमध्ये प्लास्टिकचा वाटा होता आणि त्यानंतरच राज्याने पातळ पिशव्यांवर निर्बंध कडक केले. गटार तुंबणं, गाई-म्हशींच्या पोटात प्लास्टिक जाणं, खाडीच्या तोंडाशी पिशव्यांचा थर साचणं यांची किंमत डेन्मार्कच्या तक्त्यात नाही.

तरी त्या अभ्यासातून घेण्यासारखं एक आहेच. पिशवी कशाची आहे यापेक्षा ती किती वेळा वापरली हे जास्त मोलाचं. आपल्या घरांत जुन्या साडीची किंवा पँटच्या कापडाची पिशवी शिवतात. तिच्यासाठी नवा कापूस पिकवलेला नसतो, कापडाचं आयुष्य एकदा जगून झालेलं असतं, म्हणून ७,१०० चा आकडा तिला लागूच होत नाही. याउलट परिसंवादात, प्रदर्शनात, लग्नात छापील मजकुराच्या नव्या कोऱ्या सुती पिशव्या वाटल्या जातात आणि कपाटात घड्या होऊन पडून राहतात, ते मात्र खरोखर वाया जाणं आहे.

बंदीचाही पूर्ण हिशेब मांडावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या बंदीचा अभ्यास करताना रिबेका टेलर यांना आढळलं की दुकानातल्या पिशव्या बंद झाल्यावर लोकांनी कचऱ्याच्या डब्यासाठी वेगळ्या पिशव्या विकत घ्यायला सुरुवात केली. जेवढं प्लास्टिक वाचलं, त्यातलं सुमारे २८ टक्के असं परत आलं. याचा अर्थ बंदी फसली असा नाही. बहात्तर टक्के वाचलंच. पण दुकानातून आलेली पिशवी घरी दुसऱ्या कामाला लागत होती, हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

‘यंत्र कार्यक्षम झालं की वापर आपोआप घटतो’

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ब्रिटनच्या कोळशाविषयी लिहिताना दाखवलं होतं की वाफेचं इंजिन काटकसरी झाल्यावर देशाचा कोळशाचा वापर उलट वाढला, कारण स्वस्त पडलेल्या इंजिनाला नवनवी कामं मिळाली. घरातही हे घडतं. मेक्सिको सरकारने लाखो कुटुंबांना जुने फ्रीज आणि एसी बदलून नवे कार्यक्षम घेण्यासाठी मदत केली. लुकास डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी नंतर वीजबिलं तपासली. फ्रीज बदललेल्या घरांत वापर ८ टक्क्यांनी घटला, म्हणजे आधी बांधलेल्या अंदाजाच्या जेमतेम चौथा हिस्सा. एसी बदललेल्या घरांत तो वाढला. उकाड्यात राहणाऱ्यांना नवा एसी जास्त वेळ चालवणं परवडू लागलं.

मला यात त्या कुटुंबांचा दोष दिसत नाही. गारव्याची गरज खरी होती. चूक अंदाज बांधणाऱ्यांची, कारण त्यांनी माणूस पूर्वीइतकाच एसी लावेल असं धरलं. एलईडीच्या बाबतीत फायदा यापेक्षा ठळक आहे. ६० वॉटच्या जुन्या बल्बचं काम नऊ वॉटच्या आसपास भागतं, त्यामुळे चार तास जास्त दिवा लावला तरी बचत उरते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि घाऊक खरेदीमुळे सरकारला पडणारा भाव ३१० रुपयांवरून दोन वर्षांत ३८ रुपयांपर्यंत खाली आला. लोकांनी दिवे बदलले ते मुख्यतः या भावामुळे.

मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात हा प्रश्न विजेपेक्षा पाण्याचा म्हणून जास्त जाचतो. ठिबक लावलं की पाणी वाचतं, हे शेतापुरतं खरं. पण पाटाने दिलेलं पाणी ‘वाया’ जात होतं म्हणताना त्यातलं काही जमिनीत झिरपून खालच्या विहिरींना मिळत होतं, हे सुटतं. ठिबकवर वाचलेलं पाणी शेतकरी आणखी एका एकराला देतो, आणि त्याने का देऊ नये? त्याला उत्पन्न हवं असतं. मग पिकांनी उचललेलं एकूण पाणी वाढतं आणि विहिरी खोलच जातात. क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये हाच मुद्दा जगभरच्या सिंचनासाठी मांडला : किती पाणी उपसायचं यावर मर्यादा नसेल तर कार्यक्षमतेचं अनुदान नदीखोऱ्याला पाणी परत देत नाही. ठिबकचं अनुदान द्यावंच, पण दुष्काळावरचा उपाय म्हणून ते एकटं पुढे करणं चुकीचं आहे.

‘जवळचं ते कमी प्रदूषणाचं’

स्थानिक शेतकऱ्याकडून घ्यायला इतर चांगली कारणं आहेत. कार्बनचं कारण मात्र दुबळं. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये दाखवलं की अन्नाच्या उत्सर्जनाचा मोठा भाग शेतात आणि गोठ्यात तयार होतो, वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांत किरकोळ असतो. अपवाद विमानाचा. तितकंच वजन तितक्याच अंतरावर न्यायला विमान जहाजाच्या सुमारे पन्नासपट उत्सर्जन करतं. म्हणून नाशिकहून जहाजाने युरोपला गेलेली द्राक्षं आणि विमानाने अमेरिकेला गेलेला हापूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

‘पैशाचं आमिष दाखवलं की माणूस हमखास हलतो’

पिशवीच्या बाबतीत पैसा चालला. विजेच्या बाबतीत नेहमी चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घरांना ‘तुम्ही इतकी वीज वापरता, शेजारी सरासरी इतकी’ एवढंच कळवलं गेलं. जास्त वापरणाऱ्यांनी वापर घटवला. पण कमी वापरणारेही सरासरीकडे सरकले, म्हणजे त्यांचा वापर वाढला! त्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. याच संशोधकांच्या गटाने लोकांना विचारलं होतं की वीज वाचवण्यामागे काय कारण असतं. पर्यावरण, पैसा अशी उत्तरं आली आणि शेजाऱ्यांचा प्रभाव सर्वांत खाली राहिला. प्रत्यक्ष वागणुकीशी सर्वांत जास्त जुळला तो शेजाऱ्यांचाच. सर्वेक्षणातल्या उत्तरांवर धोरण बेतणाऱ्यांनी हे विसरू नये.

भारतातही याची चाचणी झाली. अनंत सुदर्शन यांनी दिल्लीलगतच्या वसाहतीतल्या घरांना दर आठवड्याला शेजाऱ्यांशी तुलना कळवली, तेव्हा उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांनी घटला. काही घरांना त्याच तुलनेसोबत बचतीवर पैशाचं बक्षीसही देऊ केलं. तिथे घट दिसलीच नाही. पैसा आल्यावर प्रश्न ‘मी कसा वागतो’ हा न राहता ‘यात माझा फायदा किती’ असा झाला असावा.

याहून मोठा परिणाम काहीच न करण्याचा होतो. जर्मनीत सुमारे ४२ हजार ग्राहकांना वीजजोडणीचा अर्ज दोन प्रकारे दाखवला गेला. एकात हरित विजेवर खूण करावी लागत होती, दुसऱ्यात ती आधीच केलेली होती आणि नको असल्यास काढता येत होती. हरित वीज घेणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या प्रकारात जवळजवळ दहापट निघालं, वीज किंचित महाग असूनही.

‘आपण सगळेच सारखे जबाबदार’

लुका शॅन्सेल यांच्या हिशेबानुसार २०१९ मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्क्यांकडून सुमारे ४८ टक्के उत्सर्जन झालं, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येकडून १२ टक्के. आपल्या शाळांमधली जनजागृतीची भित्तिपत्रकं सगळ्यांना एकच आवाहन करतात, ते या आकड्यांसमोर बरोबर वाटत नाही.

‘आपल्याकडे हे चालणार नाही’

तमिळनाडूत निलगिरीच्या जंगलात दारूच्या फुटक्या बाटल्यांनी हत्तींच्या पायांना जखमा होत होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये सरकारी दुकानांनी प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घ्यायला सुरुवात केली. रिकामी बाटली आणली की ते परत. नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. पिणारा माणूस तोच होता, फक्त त्याचे दहा रुपये आता अडकलेले होते. आपल्याकडेही शीतपेयाच्या काचेच्या बाटलीची अनामत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ठेवायची पद्धत होतीच. प्लास्टिकची बाटली आल्यावर ती गेली.

महाराष्ट्रात अनामत परत आणायची तर एक गोष्ट आधी ठरवायला हवी. आज शहरातल्या बाटल्या गोळा होतात त्या कचरावेचकांमुळे, आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत. पुण्यात १९९३ पासून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेसोबत घरोघरचा कचरा उचलते. रिकाम्या बाटलीवर अनामत आली की तिची किंमत वाढते, आणि ती परत घेण्याचं यंत्र फक्त मॉलमध्ये बसवलं तर ही किंमत या बायकांच्या हातातून निसटेल. बाटली परत घेणारी केंद्रं त्यांच्याकडे दिली आणि वेचून आणलेल्या बाटलीवरही पूर्ण अनामत मिळाली, तर त्यांच्या रोजच्या कमाईत भर पडेल. योजनेच्या पहिल्या मसुद्यातच हे लिहिलं गेलं पाहिजे.