नसलेल्या तारेतून

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रसायनाचा टँकर वजनकाट्यावर चढतो आणि केबिनमधल्या कॉम्प्युटरवर आकडा उमटतो. इलेक्ट्रॉनिक काट्याचा हा आकडा कॉम्प्युटरपर्यंत पोचवण्याची जी रुळलेली पद्धत आहे ना, आरएस-२३२, ती १९६० सालची आहे! टेलिप्रिंटर मोडेमला जोडता यावा म्हणून ती आखली गेली. एक 'सुरू' बिट, मग अक्षराचे आठ, मग एक 'संपलं' बिट. दहा बिटं गेली की एक अक्षर पोचलं. तेव्हापासून कॉम्प्युटरच्या किती पिढ्या आल्या नि गेल्या, पण वजनकाटे, प्रयोगशाळेतली पीएच मीटरं, बिलांचे छोटे प्रिंटर अजून हीच भाषा बोलतात.

अडचण तारेची आहे. जुन्या मानकानुसार तिची लांबी पन्नास फुटांपर्यंत. त्यात कोकणातला पाऊस, टँकरची चाकं, रसायनांची वाफ. मग तार काढून ब्लूटूथ बसवू या. पण केबिनमधल्या जुन्या प्रोग्रामचं काय? त्याला फक्त सीरियल पोर्ट माहीत. रेडिओ कशाशी खातात हे त्याच्या गावीही नाही. आणि तो ज्यानं लिहिला तो माणूस आता कुठे शोधायचा?

इथे लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिममधलं एक थक्क करणारं सॉफ्टवेअर पुढे येतं. त्याचं नाव आरएफकॉम. आरएफकॉमचं काम एकच: तारेचं सोंग वठवायचं. आणि ते किती बारकाईनं! खऱ्या केबलमधल्या नऊच्या नऊ जोडण्या ते हवेत उभ्या करतं. 'मी तयार आहे' सांगणारी जोडणी आहे, 'पाठव' म्हणणारी आहे. टेलिफोनची घंटा वाजतेय हे कळवणारीसुद्धा आहे, मग आसपास टेलिफोन असो वा नसो. यादीत चक्क ग्राउंडची तारही आहे, म्हणजे जिथे तारच नाही तिथली ग्राउंड! जुना प्रोग्राम बजावतो, 'वेग ९६०० ठेव.' आरएफकॉम होकार देतं, आकडा टिपून ठेवतं आणि रेडिओ आपल्याच वेगानं चालू राहतो. दोन यंत्रांमध्ये अशा साठपर्यंत तारा एकाच वेळी असू शकतात, सगळ्या एकाच रेडिओवर.

आता रेडिओकडे बघा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वायफाय आहे, मायक्रोवेव्ह ओव्हन आहे, शेजारची ब्लूटूथ यंत्रं आहेत. एवढ्या कोलाहलात एक आकडा शाबूत कसा पोचावा? रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीच्या गर्दीत दोन मित्रांनी ठरवावं की एका नाक्यावर एकच वाक्य बोलायचं, लगेच पुढचा नाका गाठायचा, आणि नाक्यांचा क्रम फक्त दोघांना ठाऊक. ब्लूटूथचे असे ७९ नाके आहेत आणि ते सेकंदाला १६०० वेळा नाका बदलू शकतं. ९६०० च्या वेगानं तारेतून एक अक्षर जायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्तच वेळ लागतो. तेवढ्यात इथे जागा बदलूनही झालेली असते! एखादं वाक्य गोंगाटात हरवलं तर पोच येत नाही, मग तेच पुन्हा पाठवलं जातं. साध्या सीरियल तारेत अशी पोच मुळातच नव्हती. म्हणजे सोंग घेणारं मुळापेक्षा भरवशाचं निघालं.

पण तार काढताना आपण आणखी एक गोष्ट काढून टाकली, आणि मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. तार चोरून ऐकायची तर कारखान्याच्या गेटमधून आत यावं लागायचं. रेडिओला गेट नाही. जास्त ताकदीचं ब्लूटूथ शंभर मीटरपर्यंत पोचतं, म्हणजे बाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकपर्यंतही. तारेनं फुकटात दिलेली सुरक्षा आता गणितातून नव्यानं घडवायची!

पहिला प्रयत्न तोकडा होता. चार आकडी पिन. अभियांत्रिकीच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारं एचसी-०५ हे मॉड्यूल येतंच १२३४ घेऊन. २००५ साली तेल अवीव विद्यापीठातल्या यानिव शाकेद आणि अविशाई वूल यांनी दाखवलं की जोडणीच्या वेळचं बोलणं ऐकलं असेल, तर चार आकडी पिन पेंटियम-४ वर ०.०६ सेकंदात निघते.

मग २००७ साली नवी पद्धत आली, आणि तिथे मी दर वेळी थबकतो. दोन अनोळखी यंत्रं उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, एकमेकांना मोठाल्या संख्या सांगतात. ऐकणाऱ्याला प्रत्येक संख्या ऐकू येते. तरी शेवटी त्या दोघांकडे एकच गुपित तयार होतं आणि ऐकणाऱ्याकडे होत नाही! यामागची कल्पना डिफी आणि हेलमन यांची, १९७६ सालची. ब्लूटूथ त्यासाठी लंबवर्तुळी वक्रांचं गणित वापरतं. प्रत्येक यंत्र आपली गुप्त संख्या एका वक्रावरच्या बिंदूत मिसळून पाठवतं. बिंदूवरून ती संख्या परत काढणं आजच्या कॉम्प्युटरांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

पण समोरचा तोच कशावरून? मध्येच कुणी बसून दोघांशी वेगवेगळं गुपित जुळवलं तर? म्हणून दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात आणि माणसानं ते ताडून बघायचे. सहाच आकडे पुरतात कसे? दहा लाख शक्यता कॉम्प्युटर क्षणात तपासेल! उत्तर क्रमात दडलंय. एक यंत्र आपल्या यादृच्छिक संख्येवर आधीच शिक्कामोर्तब करतं, तिचा गणिती ठसा पाठवून देतं. त्यानंतरच दुसऱ्याची संख्या उघड होते. आता मधल्या चोराला आपली संख्या बदलता येत नाही, त्यामुळे जुळवून बघायची संधीच उरत नाही. एकच अंदाज, दहा लाखांत एक. ज्या यंत्राला पडदाही नाही आणि बटणंही नाहीत ते हा ताळा वगळून थेट जोडलं जातं, आणि त्याच फटीतून धोका शिरतो. वजनकाट्याला तर मोठाले लाल आकडे असतातच. तिथे हे सहा आकडे दाखवायला लावणं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

गणित निर्दोष असलं तरी घोळ भोवतीच्या बोलण्यात होतो. २०१९ साली अँटोनिओली, टिपेनहॉवर आणि रासमुसेन या संशोधकांनी दाखवलं की निरोप कुलूपबंद करणारी किल्ली किती लांब वापरायची हे दोन यंत्रं आपसात ठरवतात, आणि त्या वाटाघाटीलाच संरक्षण नव्हतं. निरनिराळ्या देशांचे कायदे सांभाळता यावेत म्हणून किल्ली १६ बाइटांवरून थेट एका बाइटपर्यंत उतरू शकत होती. एक बाइट म्हणजे फक्त २५६ किल्ल्या! त्यानंतर लिनक्सनं नियम केला: सात बाइटांपेक्षा तोकडी किल्ली असेल तर जोडणी नाही. जुन्या प्रोग्रामला यातलं काहीच कळत नाही. पोर्ट उघडत नाही एवढंच त्याला दिसतं. त्याच्या लेखी तार लावायची राहून गेली आहे.