प्रकटपत्राचा वाचक

साप्ताहिकातील प्रकटपत्र निबंधाहून वेगळे असते, ते त्याच्या वाचकामुळे. हा वाचक उलट बोलू शकतो. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली पत्रे या दृष्टीने वाचावयास हवीत. (नाव ‘शतपत्रे’, संख्या मात्र १०८.) त्यांत पुनरुक्ती आहे, भाषा ओबडधोबड आहे, हा आक्षेप खरा, पण तो ग्रंथाच्या मापाने घेतलेला आहे. साप्ताहिकाच्या वाचकाने मागचे पत्र वाचलेले असेलच असे नाही. म्हणून विधवांच्या पुनर्विवाहाचा किंवा अर्थशून्य पाठांतराचा मुद्दा पुनःपुन्हा मांडणे त्यांना भागच होते. त्यांचे खरे बळ संबोधनात आहे. ब्राह्मणांवर कोरडे ओढणारा हा लेखक स्वतः ब्राह्मण होता. परक्याची निंदा कानाआड करता येते. घरच्याच माणसाने बोल लावला, तर उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. पाव शतक उलटून गेल्यावरही विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’तून लोकहितवादींवर तुटून पडावेसे वाटले.