सुदानांतील एक रूढि आणि दोन शब्द

सुदान देशांत मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याची रूढि फार जुनी आहे. त्यायोगें मुलगी शुद्ध होते, तिचें शील राखलें जातें व विवाह सुलभ होतो, अशी समजूत. आया लेकीच्या हितबुद्धीनेंच हें करवितात, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

वैद्यकशास्त्राचा निर्णय मात्र निःसंदिग्ध आहे. या छेदनापासून आरोग्यास कोणताहि लाभ नाहीं; उलट रक्तस्राव, जंतुदोष, मूत्रविकार व प्रसूतींतील धोके संभवतात. डॉक्टरांनीं वा शिकलेल्या सुइणींनीं केलें, तरी तें निर्दोष ठरत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना बजावते.

१९४६ सालीं तेथें या रूढीच्या उग्रतम प्रकारास कायद्यानें बंदी झाली. तरी तो चालूच राहिला. कारण छेदन न झालेल्या मुलीस 'घल्फा' म्हणून हिणवीत, आणि हा कलंक दंडाहून भयंकर वाटे. २००८ सालीं युनिसेफच्या साहाय्यानें 'सलीमा' ही मोहीम निघाली. सलीमा म्हणजे अव्यंग, निरोगी, परिपूर्ण. २०२० सालीं ही रूढि दंडनीय अपराध ठरली. कायदा हवाच, परंतु 'घल्फा' हा शब्द लोकांच्या जिभेवरून उतरल्यावांचून सुइणीच्या हातांतील वस्तरा खालीं पडावयाचा नाहीं.