उकरलेली भूमि आणि तिच्या मूळच्या वनस्पति

साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा पाहावयास गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यापुढील चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या पाहिल्या असतीलच. तेथें व पाटण तालुक्यांतील वनकुसवडे पठारावर त्या गेल्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहूं लागल्या. चक्की फिरते वाऱ्यावर, परंतु तिचा पाय जमिनींत असतो. त्याकरितां खोल खड्डा खणावा लागतो, आणि तिचीं लांबलचक पातीं नेण्यासाठीं रुंद रस्ता करावा लागतो. निघालेला दगड व मुरूम भोवतालीं पडतो. काम संपल्यावर अशा भूमीचें काय करावें?

झाडें लावावीं, असें उत्तर वर्गांतील बहुतेक मुलें देतात. पठाराच्या बाबतींत तें चुकीचें आहे. सड्यावर जांभा दगड, आणि त्यावर माती कोठें चार बोटें, कोठें तितकीहि नाहीं. पावसाळ्यांत तेथें पाणी साचतें, उन्हाळ्यांत खडक तापतो. अशा ठिकाणीं वड-पिंपळांनीं काय करावें? तेथील रहिवासी निराळेच आहेत: गेंद, तेरडा, सोनकी, सात वर्षांनीं बहरणारी टोपली कारवी, आणि डबक्यांत उगवणारा वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नांवांतच सातारा आहे. सीतेचीं आसवें या नांवाची इवलीशी वनस्पति तर मातींतील नायट्रोजन अपुरा पडतो म्हणून सूक्ष्म जीव पकडून खाते! ज्या कास पठाराचा २०१२ सालीं जागतिक वारशांत समावेश झाला, त्याची कीर्ति अशाच वनस्पतींमुळें आहे. शेतांतील माती व खत आणून येथें घातलें, तर त्याबरोबर आलेलें तण माजून या सर्वांस गिळून टाकील.

म्हणून खणण्यापूर्वींच वरचा मातीचा थर खरवडून वेगळा ठेवावा. त्यांत बीं व कंद झोपलेले असतात. काम उरकतांच तीच माती परत पसरावी. उंच ढीग करून ती वर्षानुवर्षें ठेविल्यास आंतील जीव मरतात. मुरूम पाण्याच्या वाटेवर टाकूं नये, कारण पाणी भलतीकडे वळलें कीं डबक्यांतील वनस्पति गेल्याच.

सोडून दिलेल्या दगडखाणींची गोष्ट निराळी. तेथें पसरण्यास माती उरलेलीच नसते. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं विद्यार्थ्यांसह अशा एका खाणींत गुलमोहराचीं रोपें लावलीं. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटाचा. त्याच्याशीं आमचें वैर नाहीं, साताऱ्यांत तर १ मे रोजीं त्याचा दिवसहि साजरा होतो. पण उघड्या खडकावर तो प्रथम लावणें ही आमची चूक होती. वैशाखापर्यंत एकहि रोप उरलें नाहीं, आणि ज्या मुलामुलींनीं घागरींनीं पाणी वाहिलें होतें त्यांचीं तोंडें आम्हांस पाहवेनात. पुढच्या पावसांत मात्र, कोणीं न लावतां, ढिगाऱ्याच्या फटींतून कुसळी गवत व तरवड वर आलीं.

मग आम्हीं त्यांचाच क्रम धरिला. उतारावर आडव्या दगडी ताली घालून माती व पाणी अडविलें, आणि त्यांमागें पवन्या व मारवेल या गवतांचें बीं टाकिलें. गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात, व पानें कुजून तिच्यांत भर पडते. त्यानंतर बोर, करवंद, धायटी; शेवटीं बाभूळ व हिवर. बाभळीच्या मुळांवर गांठी असतात. त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतील नायट्रोजन धरून झाडास पुरवितात, म्हणून निकस जमिनींतहि ती तग धरते. सुबाभूळहि हेंच करते, व लवकर वाढते म्हणून पुष्कळ लोक ती लावितात. परंतु ती परदेशची, आणि तिचें बीं इतकें पसरतें कीं शेजाऱ्यांस जागाच उरत नाहीं.

टेकडीस झाडें मानवतात, याचा दाखला सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रे गांवाजवळ आहे. सागरेश्वरच्या उजाड टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नानें वन उभें राहिलें, व १९८५ सालीं तेथील १०.८७ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य झाला. त्या टेकड्या उद्योगधंद्यानें उजाड झाल्या नव्हत्या, हें खरें. पण उघड्या उतारावर माती व पाणी धरून ठेवण्याचा प्रश्न दोहोंकडे सारखाच.

आमच्या खाणींतील बाभळी आतां मुलांच्या कमरेइतक्या झाल्या आहेत. वरच्या अंगास अजून नुसता खडक आहे, व तेथें टाकावयास बीं पुरलें नाहीं. ज्या पालकांच्या बांधावर पवन्या असेल, त्यांनीं पाऊस सरल्यावर गवत कापण्यापूर्वीं आम्हांस कळवावें. मुलें येऊन बीं झाडून नेतील.