लाकूडतोडीच्या रानातील एकेरी वाट

सायकल हे सडकेचे वाहन, अशी सर्वसामान्य समजूत आहे. दूधवाला, पोस्टमन, शाळेला निघालेला मुलगा हे सारे तिच्यावर बसतात ते सडक आहे तोवर. सडक संपून पाऊलवाट लागली की उतरावयाचे आणि सायकल हाताशी धरून चालू लागावयाचे. ही मंडळी जेथे उतरतील नेमक्या तेथे सायकलीवर बसणारा एक वर्ग गेल्या पन्नास वर्षांत जगभर तयार झाला आहे. त्याचा उगम कॅलिफोर्नियातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यातील काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली डोंगरावर नेऊन १९७६ साली उतारावरच्या शर्यती सुरू केल्या. उतार असा, की खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. त्या रस्त्यास 'रिपॅक' हे नाव पडले ते त्यावरूनच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, पुष्कळ मराठी कुटुंबे आज जेथे नांदत आहेत त्या सिलिकॉन व्हॅलीच्या पश्चिमेला, एक डोंगररांग आडवी पसरली आहे. तिच्या माथ्यावरून स्कायलाइन नावाची सडक जाते आणि सडकेच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला, 'एल कोर्ते दे मादेरा क्रीक' हे राखीव रान उतरत जाते. स्पॅनिश भाषेतील या नावाचा अर्थच मुळी लाकूडतोड. एकोणिसाव्या शतकात येथील रेडवुडचे प्रचंड वृक्ष तोडले गेले. आज उभे आहेत ते बहुतेक त्यांचे वंशज. १९७२ साली मतदारांच्या कौलाने स्थापन झालेली मिडपेनिन्सुला रीजनल ओपन स्पेस डिस्ट्रिक्ट ही सार्वजनिक संस्था या रानाची राखण करते. रानात तीस मैलांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत आणि त्यांतील बहुतेकींवर सायकलीला मुभा आहे.

सायकलस्वार सुमारे २,४०० फूट उंचीच्या माथ्यावरून 'टॅफोनी' वाटेने आत शिरतो. वाटेजवळ वालुकाश्माचा एक मोठा खडक आहे. पाण्याने आतून झिजून त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. तेथवर पायीच जावे लागते. पुढे 'फर' वाटेने जाऊन 'रेझोल्यूशन' ही एकेरी वाट लागते. एकेरी म्हणजे एका वेळी एकच चाक जाईल एवढी. येथे नजर पुढच्या चाकावर ठेवणारा हमखास पडतो. ती दहापंधरा हात पुढे, जेथे जावयाचे तेथे ठेवावी लागते. दोन्ही पॅडल समपातळीत, अंग सीटवरून उचलून मागे झुकलेले, आणि ब्रेक वळणात नव्हे तर वळणाच्या आधी. या वाटेच्या नावाला एक दुःखद इतिहास आहे. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी सिडनीहून सॅन फ्रान्सिस्कोस निघालेले 'रेझोल्यूशन' हे विमान धुक्यात याच उतारावर आदळले आणि आतील १९ माणसे मृत्यू पावली. विख्यात पियानोवादक विल्यम कॅपेल हा त्यांतलाच एक. वय अवघे ३१.

वाट खाली उतरते ती ओढ्याकडे, आणि खरा प्रश्न या ओढ्याचाच आहे. पुढे सान ग्रेगोरिओ ओढ्याला मिळून त्याचे पाणी पॅसिफिक महासागरात जाते. हिवाळ्यातील पावसाने पाणी वाढले, की समुद्रातील स्टीलहेड आणि कोहो सामन हे मासे अंडी घालण्यासाठी या प्रवाहांत चढून येतात. मादी शेपटीने गोटे उकरून त्यांत अंडी घालते. गोट्यांच्या फटींतून खेळणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पुरविते. फटींत गाळ बसला म्हणजे अंडी गुदमरतात. माती वाहते तीही याच महिन्यांत. त्यातून येथील माती वालुकाश्माची, म्हणजे भुसभुशीत.

सायकलस्वाराने घाबरून मागचे चाक जखडले की ते घसरते आणि मातीत ओरखडा उठतो. पहिला पाऊस त्याचा चर करतो, दुसरा घळ. तरीही सारा दोष स्वारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पुष्कळशा वाटा लाकूडतोड्यांनी केलेल्या. त्यांना ओंडके हलविण्याशी काम, पाणी कोठे जाईल याची फिकीर कोण करतो! सरळ उतरणारी वाट म्हणजे पावसाळ्यापुरता दुसरा ओढाच.

म्हणून या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत संस्थेने काही वाटा बंद केल्या, काही वळवून नव्याने बांधल्या. हे शास्त्र समजावयास सोपे आहे. डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार अधिक नसावा, आणि सरासरीने शंभर फुटांत दहा फुटांहून जास्त उतरू नये. दरीकडची कड किंचित खाली झुकलेली असावी, म्हणजे पाणी वाटेने न धावता आडवे निघून जाते. शिवाय उतरती वाट मधूनमधून थोडी चढवून पुन्हा उतरवितात. त्या खोलगट जागी पाणी थांबते आणि बाहेर पडते. अननुभवी स्वारास हे उंचवटे आपल्या गमतीसाठीच केलेले वाटतात. ती गंमत खरीच असते, पण ती फुकटात मिळालेली.

नियमही कडक आहेत. वेग ताशी १५ मैलांहून अधिक नाही, कोणाला ओलांडताना ५ मैल. डोक्यावर हेल्मेट हवेच, आणि पादचारी वा घोडेस्वार समोर आला तर वाट सायकलीने द्यावयाची.

ओढ्याकाठी वाट 'रेझोल्यूशन' सोडून ओढ्याच्याच नावाच्या वाटेला मिळते आणि परतीची चढण सुरू होते. येथे सर्वांत हलका गिअर, पुढे ओणवलेले अंग आणि सावकाश श्वास. पॅडलवर उभे राहिले की मागचे चाक जागीच गरगरते आणि माती उडते. उन्हाळ्यातही रेडवुडच्या पानांवरून धुक्याचे थेंब टपकत असतात, त्यामुळे मुळे ओलसर राहतात. ती तिरकी नव्हे, काटकोनात ओलांडावी लागतात. पिवळीधमक, वीतभर लांबीची गोगलगाय कधी वाट अडवून बसते. तिच्यासाठी थांबलेल्या स्वाराला उतरून, सायकल हाताशी धरून, पुढचा चढ पायीच चढावा लागतो.