हाकललेला पाणकावळा जातो कुठे?

तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. आत तारेचं बारीक वेटोळं आणि एक चिप. बॅटरी वगैरे काही नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यात दरवर्षी सामन माशाच्या लाखो पिल्लांच्या पोटात ही कुपी सुईने सरकवतात. पिल्लू धरणातल्या वाचकयंत्राजवळून गेलं की कुपीतला क्रमांक आपोआप नोंदला जातो. पण या कुप्यांची सगळ्यात चमत्कारिक नोंद होत असे ती नदीत नाही, वाळूवर. नदीच्या मुखाशी ईस्ट सँड नावाचं बेट आहे. विणीचा हंगाम संपून पाणकावळे उडून गेले की संशोधक तिथे उतरत आणि विष्ठेने पांढऱ्याफेक पडलेल्या जमिनीवरून सपाट अँटेनाचं यंत्र फिरवत. यंत्र एकेक क्रमांक वाचत जाई. हा मासा अमुक उबवणी केंद्रातला, तो तमुक उपनदीतला, अमुक तारखेला अमुक धरण ओलांडलेला. काही तर आठ-आठ धरणं पार करून समुद्राच्या उंबरठ्यापर्यंत आलेले, आणि तिथे गिळले गेलेले.

पाणकावळ्यावर मासेमाराने केलेला आरोप जगात इतका क्रमांकवार क्वचितच सिद्ध झाला असेल. तरीही पुढे जे घडलं ते आरोप सिद्ध झाल्यावर प्रश्न सुटतोच असं मानणाऱ्यांनी वाचण्यासारखं आहे.

आधी पक्ष्याविषयी थोडं. आपण त्याला पाण्यातला कावळा म्हटलं, तेच युरोपनेही. ‘कॉर्वस मॅरिनस’, म्हणजे समुद्री डोमकावळा, या लॅटिन नावावरून इंग्रजीतला ‘कॉर्मोरंट’ आला. शास्त्रीय नाव ‘फॅलाक्रोकोरॅक्स’ म्हणजे टकला डोमकावळा. कावळ्याशी त्याचं नातं काहीच नाही, पण काळ्या रंगामुळे जगभर त्याच्या कपाळी कावळ्याची बदनामी चिकटली. त्याच्या पिसांची गंमत मात्र खास आहे. बदकाचं पीस पाणी झटकून टाकतं. पाणकावळ्याच्या पिसाची बाहेरची कड पाणी शोषते. पिसांत हवा कमी उरते, अंग तरंगत नाही, बुडी सोपी होते. त्याची किंमत म्हणजे बाहेर आल्यावर पंख पसरून वाळत बसणं. चारही बोटं पडद्याने जोडलेली, चोच टोकाशी आकड्यासारखी वळलेली. धरलेला मासा हवेत उडवून तो डोक्याकडून गिळतो, म्हणजे परांचे काटे घशात उलटे फिरत नाहीत. मोठ्या जातीच्या पक्ष्याला रोज साधारण अर्धा किलो मासळी लागते. न पचलेले काटे आणि माशांच्या कानातले खडे तो गोळी करून ओकतो. अभ्यासक त्या गोळ्या फोडून त्याचं जेवण मोजतात.

युरोपात या पक्ष्याची कहाणी आधी ऱ्हासाची आहे. डेन्मार्कमध्ये बंदुकीने त्याचा असा पाठलाग झाला की 1876 मध्ये वीण करणारा शेवटचा थवाही संपला. तो परतला 1938 मध्ये. नंतर विसाव्या शतकाच्या मध्याला डीडीटीसारख्या कीटकनाशकांनी अंड्यांची कवचं पातळ केली. 1979 मध्ये युरोपीय समुदायाने पक्षी-संरक्षणाचा कायदा केला आणि खंडातल्या पाणकावळ्याला विशेष संरक्षणाच्या यादीत बसवलं. विषारी रसायनांवर बंदी येत गेली. पुढे जे झालं ते कायदा करणाऱ्यांच्याही हिशेबात नसावं. 2000 च्या सुमारास एकट्या डेन्मार्कमध्ये चाळीस हजारांवर जोड्या वीण करत होत्या. 1997 मध्येच त्याला विशेष यादीतून वगळलं होतं. 2008 मध्ये तर युरोपीय संसदेने संपूर्ण खंडासाठी पाणकावळ्यांच्या व्यवस्थापनाची एकच योजना आखा, असा ठराव केला.

संरक्षण हे या वाढीचं अर्धं उत्तर. दुसरं अर्धं पाण्यात होतं. शेतातली खतं आणि शहरांचं सांडपाणी जाऊन तळी समृद्ध झाली होती. अशा पाण्यात छोटे, थव्याने राहणारे मासे फोफावतात. त्यात धरणांचे जलाशय, वाळू उपसून झालेले खड्डे आणि गळ टाकणाऱ्या हौशी क्लबांनी विकतचे मासे सोडलेली तळी. पाणकावळ्यासाठी पंगत माणसानेच मांडली होती. तो आला हे त्याचं पाप कसं म्हणायचं?

पण मासेमारांची तक्रार खोटी होती असंही नाही. मोठ्या तलावात, जिथे मुबलक लहान मासे आहेत, तिथे पक्ष्यांनी खाल्लेल्यांपैकी बरेचसे एरवीही मेले असते. एकूण साठ्यावर परिणाम दाखवणं अवघड जातं. अरुंद नदीत गणित बदलतं. 2009-10 आणि पुढच्या वर्षीच्या कडक हिवाळ्यात डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतचं पाणी गोठलं आणि भुकेले पक्षी आत, वाहत्या नद्यांकडे वळले. तिथे त्यांना ग्रेलिंग सापडला. हा ट्राउटचाच भाऊबंद, उंच शिडासारख्या परामुळे गळवाल्यांचा लाडका. ट्राउट काठाच्या मुळ्यांत, दगडांच्या कपारीत दडतो. ग्रेलिंग थंडीत उघड्या डोहात थव्याने उभा राहतो. त्याहून दुष्ट गोष्ट अशी की अनेक नद्या पूर्वीच सरळ केलेल्या, काठची झाडं तोडलेली, पडके ओंडके काढून टाकलेले होते. दडायला जागाच नाही. काही नद्यांत ग्रेलिंग जवळजवळ दिसेनासा झाला. इंग्लंडमध्ये तळ्यांत जाळीचे पिंजरे बुडवून ठेवण्याचा प्रयोग झाला. मासा आत शिरतो, पक्षी शिरत नाही. त्या तळ्यांकडे पाणकावळ्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. उपाय स्वस्त आहे. बंदुकीसारखा आवाज मात्र करत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात होडीतून फिरताना एका खुंट्यावर छोटा पाणकावळा पंख वाळवत बसलेला होता. होडीवाल्या दादांना विचारलं, जाळ्यातली मासळी खात असेल ना हा? ते हसले. “खातोय की, चिलापीची बारकी पिल्लं. पण हितनं हाकललं की त्या पलीकडच्या खुंट्यावर बसतोय. जातोय कुठं?” आपल्याकडे त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शेततळ्यात बोटुकली सोडणारे शेतकरी वर जाळं किंवा दोऱ्या ताणून बगळे-पाणकावळ्यांची सोय लावतात आणि पुढे जातात. दादांचं ते वाक्य मला कोलंबियाचे कागद वाचताना वारंवार आठवत राहिलं.

ईस्ट सँडवर 1989 मध्ये पाणकावळ्यांच्या जेमतेम शंभरेक जोड्या होत्या. पंचवीस वर्षांत त्या बारा हजारांपलीकडे गेल्या. खाल्लेली सामन पिल्लं वर्षाला सरासरी एक कोटीहून जास्त, आणि त्यात कायद्याने संकटग्रस्त ठरवलेल्या वाणांची पिल्लंही. त्या वाणांवर संकट आणणाऱ्यांत धरणांचा वाटा मोठा. 1942 मध्ये पुऱ्या झालेल्या ग्रँड कूली धरणाला तर माशांसाठी पायऱ्याच नाहीत. त्याच्या वरचं सगळं खोरं सामनसाठी तेव्हाच बंद झालं. पक्ष्यांची संख्या कमी करण्याची योजना आखली ती अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने, जो याच नदीवरची बॉनव्हिलसारखी धरणं चालवतो. लक्ष्य ठरलं: जोड्या 5,600 च्या आसपास आणायच्या. 2015 पासून गोळ्या सुरू झाल्या. घरट्यातल्या अंड्यांवर तेल फवारलं गेलं. तेलाने कवचाची छिद्रं बुजतात, आतला जीव गुदमरतो, आणि बिचारी मादी मेलेलं अंडं उबवत बसते. तीन वर्षांत पाच हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. पक्षीप्रेमी संस्था कोर्टात गेल्या. 2016 मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की धरणांच्या कारभारात बदल करण्यासारख्या पर्यायांचा विचार करायला हवा होता. पण बंदुका थांबवल्या नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात हजारो पक्षी अंडी तशीच टाकून बेटावरून उठले. गरुडांचे हल्लेही तेव्हा वाढले होते, त्यामुळे एकट्या गोळ्यांवर बोट ठेवता येत नाही. पुढच्या वर्षांतही वसाहत नीट बसली नाही. कागदावर लक्ष्य गाठलं गेलं, किंबहुना ओलांडलं गेलं.

पक्षी मात्र नदी सोडून गेले नव्हते. त्यांच्यातले हजारो मुखापासून थोडं वर, 1966 मध्ये बांधलेल्या अस्टोरिया-मेगलर पुलाच्या पोलादी सांगाड्यावर जाऊन बसले. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा पूल, खाली नदी, वर सुरक्षित कैच्या. पाणकावळ्याला याहून काय हवं? बेटाजवळ समुद्राचं पाणी आत येतं, त्याबरोबर अँचोव्ही, हेरिंग येतात आणि सामनची पिल्लं त्याच्या ताटात थोडीच असतात. जितकं वर जावं तितकं पाणी गोडं आणि समुद्री मासा कमी. मग ताटात सामनच्या पिल्लांचा वाटा वाढतो. पुलावरचा एक पक्षी बेटावरच्या पक्ष्यापेक्षा कित्येक पट सामन खातो, असा संशोधकांचा हिशेब निघाला. पुलाची डागडुजी करणारे वेगळेच त्रासले आहेत: विष्ठा रंग आणि पोलाद खाते, आणि तिच्या थराखाली गंज तपासताच येत नाही.

आणि त्या तांदळाएवढ्या कुप्या? बेटावर त्या वाळूत पडत, शरद ऋतूत यंत्र फिरवलं की सापडत. पुलाखाली वाळू नाही. तिथे विष्ठा थेट नदीत पडते, आणि तिच्याबरोबर माशांचे क्रमांकही.